बांधातून झिरपणारे पाणी गढूळ आहे का?

साठी ओलांडलेल्या एक मावशी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला आमच्या रुग्णालयात येतात. गेल्या वर्षी जुलैत त्यांचा रक्तदाब एकदम वाढलेला दिसला. गोळ्या चुकल्या नव्हत्या, जेवणात मीठही कमी होते. झोप कशी लागते, असे विचारल्यावर खरे कारण बाहेर आले.

"पाऊस लागला की डोळ्याला डोळा लागत नाही, डॉक्टरसाहेब. वरचा तलाव झिरपतोय. रेशनकार्ड, पोरांचे दाखले पिशवीत भरून दारामागं टांगून ठेवलेत. रात्री पळायची वेळ आली तर?"

त्या मला झोपेची गोळी मागत होत्या. पण रात्री धोका असलेल्या माणसाला गाढ झोपवणे हा उपचार होऊ शकत नाही. तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. मावशींनी लहानपणी आईबरोबर त्याच बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. पुढच्या रविवारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका शाखा अभियंता मित्राला घेऊन मी तिथे गेलो. त्या दिवशी त्याने जे दाखवले, ते अशा तलावाखाली राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे मातीचा प्रत्येक बांध थोडाफार पाझरतोच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बांधाच्या पोटात घट्ट दाबलेल्या चिकण मातीचा गाभा असतो. तो पाण्याचा वेग मोडतो. उरलेला पाझर बांधाच्या पायथ्याशी वाळू, खडी आणि दगडांच्या थरांतून गाळून बाहेर पडतो. हे थर पाणी जाऊ देतात, माती जाऊ देत नाहीत. बांधाचे आरोग्य या एका गोष्टीवर टिकून असते.

बिघाड होतो तो पाण्याबरोबर माती जाऊ लागली की. आधी बाहेरच्या बाजूला, पायथ्याजवळ बारीक छिद्र पडते. तिथून कण निघून जातात, छिद्र आत आत सरकते आणि तलावाच्या दिशेने बोगदा तयार होत जातो. बोगदा जितका आत जाईल तितका पाण्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की आणखी माती सुटते. वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलाने चाललेली ही झीज शेवटच्या टप्प्यात काही तासांत बांध फोडू शकते. अमेरिकेतले टेटन हे मातीचे मोठे धरण 5 जून 1976 रोजी पहिल्यांदाच भरत असताना असेच फुटले. सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपार होण्याआधी धरण वाहून गेले.

म्हणून पाझराची तपासणी करताना पाणी किती येते याच्याइतकेच ते कसे येते हे महत्त्वाचे. मित्राने पाण्याची पारदर्शक बाटली पाझराखाली धरून भरली आणि ती रात्रभर न हलवता ठेवायला सांगितली. सकाळी तळाशी गाळ बसला, तर बांधाची माती बाहेर पडते आहे. मग बादली लावून ती भरायला किती वेळ लागतो, तो घड्याळात मोजला. तलावाची पातळी तेवढीच असताना बादली पूर्वीपेक्षा लवकर भरू लागली, तर आत काहीतरी बदलले आहे. आम्ही डॉक्टर ताप एकदा मोजून थांबत नाही, तक्ता ठेवतो. इथेही तसेच.

तपासणीत आणखी काही लक्षणे दिसली. बांधाच्या बाहेरच्या कोरड्या उतारावर मधेच हिरवेगार पाणकणीस उगवले होते, म्हणजे तिथे बारमाही ओल होती. मनगटाएवढ्या जाड बाभळी वाढल्या होत्या. झाड मुळांनी माती धरून ठेवते हे डोंगरउतारावर खरे. बांधावर मात्र झाड मेले की कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळ नळी उरते. बांधावर गवत हवे, झाडे नकोत. घाणेरीच्या जाळीखाली उंदीर-घुशींची बिळे होती आणि जाळीमुळे ती कुणाला दिसतही नव्हती.

इथे तिवरे आठवते. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले हे मातीचे धरण फुटले आणि पायथ्याच्या वाडीतली झोपेच्या तयारीतली माणसे घरांसह वाहून गेली. धरण गळत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पुढे खेकड्यांनी धरण पोखरल्याचे मंत्र्यांचे विधान बरेच गाजले. खेकडे, घुशी, साळिंदर मातीत बिळे करतात हे खरेच आहे. पण ती वेळच्या वेळी शोधून बुजवणे हा देखभालीचाच भाग आहे. जखमेत किडे पडले, तर दोष किड्यांना देऊन भागत नाही. जखम इतके दिवस उघडी का राहिली, हे विचारावे लागते.

मातीचे बांध फुटण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे पाणी माथ्यावरून जाणे. सिमेंट-काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेले तरी ती बराच काळ तग धरते. मातीचा बांध मात्र वरून वाहणारे पाणी कापत नेते. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातेत मच्छू धरण असेच फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. हे टाळण्यासाठी बांधाच्या कडेला सांडवा असतो आणि त्याची पातळी माथ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली असते.

आमच्या तलावाच्या सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचलेल्या होत्या. हातभर पाणी जास्त साठले तर उन्हाळ्यात एक पाळी जास्त मिळते, असे गावकऱ्यांचे म्हणणे. शिवाय मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी बांधली होती आणि तिच्यात काटक्या, प्लास्टिक अडकून तिची भिंत झाली होती. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण ढगफुटीसारखा पाऊस झाला असता, तर ते हातभर पाणीच घात करून गेले असते. गोण्या आणि जाळी गावातल्या पोरांनी त्याच संध्याकाळी काढून टाकली.

दोन गोष्टी मात्र उत्साहात करू नयेत. पाझर थांबावा म्हणून बाहेरून काळी माती किंवा सिमेंट थापू नका. पू वाहणारी जखम वरून घट्ट शिवली, तर पू आतच साठतो. तसेच पाणी आत कोंडून दाब वाढवते आणि दुसरीकडून फुटते. पाणी गाळून बाहेर सोडणारा वाळू-खडीचा थर हा त्यावरचा इलाज, आणि तो अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावा. दुसरे म्हणजे, घाबरून तलाव एकदम रिकामा करू नका. पाणी झपाट्याने उतरले की आतल्या बाजूची भिजलेली माती आधार सुटून घसरू शकते.

आता अडचणीचा मुद्दा. देशात धरण सुरक्षा कायदा 2021 पासून आहे. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे लांबी 500 मीटर किंवा साठा 10 लाख घनमीटर असणे, अशा काही अटींपैकी एखादी पूर्ण केली तरच त्यात येतात. दुष्काळी कामांतून आणि रोजगार हमीतून झालेले बहुतेक पाझर तलाव, गावतलाव याच्या बाहेर राहतात. पण कायद्याला लहान वाटणारा तलाव खालच्या वाडीला लहान नसतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. एक लाख घनमीटरचा तलाव म्हणजे डोक्यावर एक लाख टन. वेगाने वाहणारे जेमतेम गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडते.

त्यामुळे पहिली नजर गावाचीच हवी. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा आणि मोठ्या पावसात रोज, दोघांनी मिळून बांध पायी फिरावा. भेगा, खचलेला माथा, नवी ओल, गढूळ पाझर, तुंबलेला सांडवा, तलावात पाण्याचा भोवरा, हे सारे तारखेसह वहीत लिहावे आणि त्याची प्रत ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पाझर अचानक गढूळ झाला किंवा भोवरा दिसला, तर कुणाची वाट न पाहता खालची वस्ती हलवावी आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवावे. पळायचे ते ओढ्याच्या काठाने नको, आडवे उंचावर. ती जागा दिवसाउजेडी ठरवून, म्हाताऱ्यांना आणि मुलांना एकदा चालवून दाखवावी.

आमच्या तलावाची वही आता भरते आहे. बाटलीतले पाणी अजून तरी स्वच्छ आहे. लेखी अर्जांनंतर बाभळी काढण्याचे आणि पायथा दुरुस्तीचे काम मंजूर झाले, पण ते अजून सुरू झालेले नाही. मावशी गोळ्या न्यायला येतात तेव्हा मी आधी वहीतला बादलीचा आकडा विचारतो, मग रक्तदाब मोजतो. झोपेची गोळी मी त्यांना अजून लिहून दिलेली नाही.