'चौकोन'चा 'चकन' का झाला?

आरंभीच एक कोडे घालतो. एका शाळेतल्या संगणकावर नववीतला एक मुलगा मराठीत 'चौकोन' हा शब्द लिहीत होता. पडद्यावर उमटले 'चकन'. पुन्हा लिहिले, पुन्हा 'चकन'. 'गोटी'ची 'गटी' झाली, 'मौज'ची 'मज'. बाकी सारी अक्षरे ठीक, नेमके ओकार आणि औकार तेवढे रुसलेले. इंग्रजीत लिहून पाहिले तेव्हा उलगडा झाला. क्यू, ए आणि झेड या तीन कळा मेल्या होत्या. इनस्क्रिप्ट पद्धतीच्या कळफलकावर औकार क्यूवर आणि ओकार एवर असतो, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच.

त्या शाळेतले विज्ञानाचे सर माझे जुने विद्यार्थी, म्हणून मला बोलावणे आले. दोन दिवसांपूर्वी मुलांनी संगणककक्षाची सफाई केली होती. या मुलाने आपला कळफलक ओल्या फडक्याने पुसून लख्ख केला होता. पुसताना संगणक चालूच होता. आता तो अगदी रडवेला झाला होता. शाळेत संगणक दहाच, दोघादोघांत एक, आणि चाचणी चार दिवसांवर आलेली. "सर, मी तर साफच करत होतो," एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता.

पण कळा तीनच का गेल्या? आणि त्याही एका तिरप्या ओळीतल्याच का?

कळफलक उलटा करून मागचे स्क्रू काढले की याचे उत्तर दिसते. नेहमीच्या स्वस्त कळफलकात प्रत्येक कळीखाली रबराची एक छोटी टोपी असते आणि तिच्याखाली पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर चांदीमिश्रित शाईने वाहक रेषा छापलेल्या असतात. मधला पडदा या दोहोंना अलग ठेवतो, मात्र प्रत्येक कळीच्या जागी त्याला भोक असते. कळ दाबली की रबरी टोपी दबते, वरचा पडदा त्या भोकातून खालच्याला टेकतो आणि मंडल पूर्ण होते.

समजा, कळा १०४ आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र तार द्यायची तर १०४ तारा आणि वर एक सामाईक तार लागेल. त्याऐवजी ८ आडव्या आणि १३ उभ्या रेषांची जाळी केली तर छेदबिंदू मिळतात ८ × १३ म्हणजे १०४, आणि रेषा पुरतात फक्त २१! प्रत्यक्षात रेषांची संख्या निर्मात्यानुसार बदलते, पण युक्ती हीच. कळफलकातली छोटी चिप एकेक रेषा सेकंदाला शेकडो वेळा तपासते आणि कोणता छेदबिंदू जुळला ते संगणकाला कळवते. या काटकसरीची किंमत अशी की एक रेषा तुटली तर तिच्यावरच्या, तुटीच्या पलीकडच्या साऱ्या कळा एकदम मुक्या होतात. आमच्या क्यू, ए आणि झेड एकाच रेषेवर बसल्या होत्या.

मग ती रेषा तोडली कोणी? पाण्याने, असे तुम्ही चटकन म्हणाल. ते अर्धेच खरे आहे. पडदे अलग केले तेव्हा दोन दिवसांनंतरही त्यांच्यामध्ये ओल होती. काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवा. त्या किती घट्ट चिकटतात आणि मधले पाणी किती वेळ टिकते ते पाहा. केशाकर्षणाने पाणी अशा फटीत शिरते आणि तिथे वारा पोहोचत नसल्याने वाळत नाही. आपल्या नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून विद्युतप्रवाह वाहतो. कळफलकाला संगणकाकडून ५ व्होल्ट मिळतात. हा दाब तुम्हांआम्हांला झटका देण्याइतका नाही, पण विद्युत अपघटनाला पुरेसा आहे. धन बाजूच्या रेषेतले चांदीचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयनरूपाने पाण्यात उतरतात आणि ऋण बाजूकडे जाऊन बसतात. प्रयोगशाळेत तांब्याचा मुलामा देतो तोच हा प्रकार, फक्त इथे नको त्या ठिकाणी चाललेला. आमच्या पडद्यावर एका जागी रेषा काळपट पडून झिजली होती.

म्हणजे खरा घात पाणी आणि विद्युतदाब यांच्या संगतीने झाला. म्हणूनच कळफलक पुसण्यापूर्वी त्याची तार काढायची. बिनतारी असेल तर सेल काढायचे. लॅपटॉप असेल तर तो पूर्ण बंद करून चार्जर अलग करायचा. नुसते झाकण मिटणे म्हणजे बंद करणे नव्हे.

आता सफाईकडे वळू. कळांखाली साचते ते बहुतेक कोरडेच असते: कातडीचे सूक्ष्म तुकडे, केस, कपड्यांचे तंतू, फरसाणाचा चुरा, आणि शाळेत असाल तर खडूची भुकटी. कळफलक उलटा धरून पाठीवर हलकेच थोपटा. अर्धे काम इथेच होते. मग मऊ, कोरड्या रंगकामाच्या कुंचल्याने फटी झाडा. छायाचित्रकार भिंग झाडायला रबरी फुगा वापरतात तो मिळाला तर उत्तम. तोंडाने मात्र फुंकू नका, फुंकरीत वाफ असते आणि थुंकीचे तुषारही.

कळांच्या माथ्यावरचा तेलकट थर कोरड्याने निघत नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते ८२ अंश सेल्सिअसला उकळते आणि ते उडून जायला पाण्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी उष्णता लागते, त्यामुळे पुसल्यावर पाहता पाहता सुकते. त्याचा पृष्ठताणही पाण्याच्या सुमारे एकतृतीयांशच असतो. यात सोयीबरोबर धोकाही आहे, कारण ते फटीत पाण्यापेक्षाही सहज शिरते. म्हणून ते कळफलकावर ओतायचे किंवा फवारायचे नाही. फडक्याच्या टोकाला लावायचे, फडके पिळल्यावर थेंब पडता कामा नये, आणि मग पुसायचे. नखपॉलिश काढायचे द्रव चुकूनही घेऊ नका. त्यात बहुधा ॲसिटोन असते आणि कळांचे एबीएस प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळते. २०२०च्या साथीत पुष्कळांनी हाताचे सॅनिटायझर कळफलकावर चोळले. त्यातले ग्लिसरीन उडून जात नाही, त्यामुळे धूळ पुन्हा दुप्पट जोमाने चिकटते.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. या अल्कोहोलची वाफ सुमारे १२ अंशांपासून पुढे ठिणगीने पेटू शकते. आपल्याकडे बहुतेक वेळा हवेचे तापमान याहून अधिकच असते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली पसरते आणि डोळ्यांना दिसत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, उदबत्ती, काडेपेटी, शेगडी जवळ नको, आणि शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस शेजारी हवे. सुती फडके किंचित पाण्याने दमट करून, तार काढून पुसले तरी पुष्कळ मळ निघतो. घाई नसेल तर मी स्वतः तेच करतो.

कळा उपटून धुवायचा मोह होतो. टेबलावरच्या कळफलकाच्या कळा बहुधा सरळ वर उचलून निघतात. आधी एक छायाचित्र काढून ठेवा, नाहीतर परत बसवताना फजिती ठरलेली. काढलेल्या टोप्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवून रात्रभर वाळवा. रुंद कळांखाली तारेचा आधार असतो, त्या आहेत तिथेच राहू द्या. लॅपटॉपच्या कळांना तर हातच लावू नका. त्यांच्याखालची कात्रीसारखी नाजूक जोडणी एकदा मोडली की ती कळ पुन्हा नीट बसत नाही.

आणि चहा सांडला तर? प्रथम वीज तोडा, मग कळफलक उलटा करा. हा क्रम उलटू देऊ नका. चहातले पाणी उडून जाते, साखर मात्र मागे राहते. साध्या कळफलकाचे पडदे सुटे होत असतील तर ते ऊर्ध्वपातित पाण्याने पुसून, पूर्ण कोरडे करून पुन्हा बसवता येतात. लॅपटॉप मात्र जाणकाराकडेच द्यावा, कारण त्याच्या कळांखालीच मुख्य मंडल असते.

त्या शाळेतल्या कळफलकाचे काय झाले? पडदे वाळवले, झिजलेल्या जागी वाहक रंगाचा एक बारीक ठिपका दिला आणि रेषा जोडली. वाळायला एक रात्र लागली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने तार जोडून पहिला शब्द लिहिला, 'चौकोन'. मग त्याने वहीत आपल्या कळफलकाची जाळी काढायला घेतली. कोणती कळ कोणत्या रेषेवर आहे ते तो रेषांवर बोट फिरवून शोधत होता. मी निघालो तेव्हा त्याच्या चाळीस कळा झाल्या होत्या.