काळजाचा ठोका चुकतो म्हणजे नेमकं काय होतं?



मराठीच्या तासाला आपण मुलांना 'काळजाचा ठोका चुकणे' हा वाक्प्रचार शिकवतो. अर्थ : खूप घाबरणे. पण कित्येकांना काही न घाबरताही, निवांत बसलेलं असताना छातीत अचानक 'धप्प' होतं. क्षणभर काहीच नाही, मग एक जोराचा ठोका, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. मग कोणी 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा चघळतो, तर कोणी काळजीने रात्रभर झोपत नाही. या दोन्हींच्या मधला शहाणपणाचा मार्ग कोणता, ते आज समजून घेऊया.

ठोके कोण देतं?

हृदयाच्या उजव्या अलिंदात वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला साइनस नोड म्हणतात. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा पुंजका ठरावीक अंतराने विजेचा सूक्ष्म संदेश सोडतो. तो आधी अलिंदांत आणि मग निलयांत पसरतो, हृदय आकुंचन पावतं आणि रक्त पुढे जातं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे १,०३,६८० होतात. (हे गणित वर्गात मुलांकडून जरूर करून घ्या.) एवढ्या लाखभर ठोक्यांत एखादा इकडे-तिकडे झाला तर त्यात फार नवल नाही.

ठोका चुकत नाही, तो लवकर येतो

आपल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं उदाहरण घेऊ. समजा, एखादी फेरी वेळेआधीच सुटली. तिच्यात गाड्या कमी, माणसं कमी. मागून आलेले सगळे धक्क्यावर थांबतात आणि पुढची फेरी गच्च भरून जाते. हृदयातही असंच होतं. साइनस नोडऐवजी दुसऱ्याच जागेहून संदेश आधी सुटतो. तेव्हा हृदयात रक्त पुरेसं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका कमजोर पडतो, कधी नाडीवर लागतही नाही. मग थोडा विराम. त्या वेळात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो बहुतेक वेळा हाच जोराचा ठोका. हृदय निरोगी असेल तर असे सुटे ठोके सहसा निरुपद्रवी असतात.

लहान मुलांची नाडी श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते. हे अगदी नैसर्गिक आहे.

कारणं कोणती?

रोजच्या जगण्यातली : अपुरी झोप, काळजी, दिवसभर चहावर चहा, तंबाखू, मशेरी, सिगारेट, दारू, ताप, आणि मे महिन्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी नि क्षार कमी होणं. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर ठोके जास्त जाणवतात, तेही यातलंच.

शरीरातली इतर : रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड वाढलेलं असणं, गरोदरपण, रजोनिवृत्ती. सर्दीची आणि दम्याची काही औषधंही धडधड वाढवतात. पण म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

हृदयातली : उच्च रक्तदाब, पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, झडपांचे आजार. यात शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं एक आहे. लहानपणी घसा दुखून नंतर ताप व सांधेदुखी आली, म्हणजे संधिवाताचा ताप झाला, तर हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. म्हणून घसादुखी अंगावर काढू देऊ नका. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत जी तपासणी होते, तिच्यात हृदयाचे आजारही पाहिले जातात. त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये.

ठोक्यांना काही तालच नसेल, सगळेच वेडेवाकडे पडत असतील, तर तो एट्रियल फिब्रिलेशन हा विकार असू शकतो. वाढत्या वयात त्याचं प्रमाण वाढतं. यात अलिंद नीट आकुंचन पावत नाही, रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. कधी कधी रुग्णाला काहीच जाणवत नाही, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची नाडी अधूनमधून पाहावी.

खरी अडचण आणि तिच्यावरचा उपाय

आइन्थोव्हेन यांना ईसीजीच्या शोधासाठी १९२४ चं नोबेल मिळालं. पण ईसीजी त्या काही क्षणांचाच असतो. छातीत धडधडलं, माणूस गाडी धरून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचला, तोवर सगळं शांत! ईसीजी नॉर्मल येतो आणि 'काही नव्हतंच' म्हणून विषय संपतो. म्हणून डॉक्टर २४ तास किंवा जास्त काळ नोंद घेणारं होल्टर यंत्र लावायला सांगतात. पण त्याआधी आपलं काम आहे वहीत नोंद करण्याचं :

१. दिनांक, वेळ, किती सेकंद किंवा मिनिटं टिकलं
२. एकदम सुरू होऊन एकदम थांबलं की हळूहळू
३. नाडी मिनिटाला किती, सारखी की वेडीवाकडी
४. त्याआधी काय केलं, खाल्लं, प्यायलं, कोणतं औषध घेतलं
५. सोबत चक्कर, दम, छातीत दुखणं होतं का

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजा. अंगठा वापरू नका. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे चालत नाही. ताल चुकत असेल तर पूर्ण मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना ६० ते १०० ठोके सर्वसाधारण धरतात.

कधी थांबायचं नाही?

छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं, धडधड न थांबणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच १०८ ला फोन करा. खेळताना किंवा धावताना मूल बेशुद्ध पडलं, तर नंतर ते ठीक दिसलं तरी तपासणी हवीच. घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे मुलं मुंबईला आणि म्हातारी माणसं गावी एकटी, असं घरोघरी आहे. अशा घरात १०८ हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

उपक्रम : मुलांनी घरातल्या प्रत्येकाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून तक्ता करावा. कोणाचा ताल वेगळा वाटला तर घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही. तक्ता घेऊन त्या व्यक्तीसोबत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं.