स्पर्शाविना वाजणारे वाद्य

(वाद्य वाजवायचे म्हणजे त्याला हात लावावा लागतो, असे आपण समजतो. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका रशियन शास्त्रज्ञाने स्पर्श न करता, केवळ हाताच्या हालचालींनी वाजणारे वाद्य तयार केले. हे वाद्य कसे वाजते, ते वाजवणे सोपे आहे की अवघड आणि त्यातून पुढे कोणती नवी साधने निघाली, याची माहिती या पाठात दिली आहे.)

तबला वाजवायचा असेल, तर त्यावर थाप मारावी लागते. बासरी ओठांना लावून फुंकावी लागते. सारंगीच्या तारांवर गज फिरवावा लागतो. पेटी वाजवताना एका हाताने भाता हलवावा लागतो आणि दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर फिरवावी लागतात. ही वाद्ये निरनिराळी असली, तरी त्यांत एक गोष्ट सारखी आहे. वाजवणाऱ्याचे शरीर वाद्याला कुठेतरी टेकलेले असते.

आता अशी कल्पना करा. व्यासपीठावर एक लाकडी पेटी ठेवली आहे. तिच्या उजव्या बाजूला धातूची एक उभी सळई आहे. डाव्या बाजूला धातूचीच एक आडवी कडी आहे. एक बाई पेटीसमोर येऊन उभ्या राहतात. त्या पेटीला हात लावत नाहीत. उजवा हात हवेतून सळईच्या दिशेने नेतात, डावा हात कडीवरून अलगद वर उचलतात आणि सभागृहात सूर घुमू लागतो. तो ऐकून कोणाला व्हायोलिन आठवते, तर कोणाला गाणाऱ्या स्त्रीचा आवाज.

हा जादूचा खेळ नव्हे. या वाद्याचे नाव आहे 'थेरेमिन'. ते ज्यांनी तयार केले, त्यांचेच नाव त्याला मिळाले.

लेव थेरेमिन यांचा जन्म १८९६ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग या शहरात झाला. त्यांना भौतिकशास्त्राची आवड होती आणि संगीताचीही. ते चेलो नावाचे तंतुवाद्य वाजवीत. १९२० साली ते आपल्याच शहरातील एका भौतिकशास्त्र संस्थेत संशोधन करीत होते. त्या वेळी या शहराला पेट्रोग्राड म्हणत. वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्यासाठी ते एक उपकरण बनवीत होते. त्या उपकरणातून शिट्टीसारखा आवाज निघे. काम करता करता त्यांच्या ध्यानात आले, की आपला हात उपकरणाजवळ गेला, की आवाज चढतो आणि हात दूर नेला, की तो उतरतो.

दुसऱ्या एखाद्याने हा उपकरणाचा दोष मानला असता आणि तो दूर करण्याच्या मागे लागला असता. थेरेमिन यांनी तसे केले नाही. त्यांच्यातील चेलोवादक जागा झाला. त्यांनी हात हळूहळू पुढेमागे करून ओळखीची एक धून वाजवून पाहिली. मोजमापाच्या यंत्रातून एका नव्या वाद्याचा जन्म झाला.

हे वाद्य वाजते तरी कसे? त्यासाठी आधी एक रोजच्या अनुभवातली गोष्ट पाहू. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. पूर्वी रेडिओच्या एरियलजवळ कोणी हात नेला, की आवाज बदलत असे. टीव्हीच्या अँटेनाजवळ कोणी उभे राहिले, की चित्र हलत असे. आपले शरीर विजेचे वाहक आहे. त्यामुळे ते अँटेनाजवळ आले, की तेथील विद्युत स्थितीत फरक पडतो. थेरेमिन वाद्यात याच गोष्टीचा उपयोग केलेला आहे.

या वाद्याच्या पेटीत विजेची कंपने निर्माण करणारी दोन मंडले असतात. ही कंपने इतकी जलद असतात, की ती आपल्या कानांना ऐकू येऊ शकत नाहीत. माणसाला साधारणपणे दर सेकंदाला २० ते २०,००० कंपने असलेलाच ध्वनी ऐकू येतो. समजा, पहिल्या मंडलात दर सेकंदाला १,७०,००० कंपने होत आहेत. त्यांत बदल होत नाही. दुसरे मंडल मात्र उभ्या सळईला जोडलेले असते. आपला हात सळईजवळ गेला, की दुसऱ्या मंडलातील कंपने थोडी मंदावतात. समजा, ती १,६९,५६० झाली. आता दोन्ही मंडलांत ४४० कंपनांचा फरक पडला. यंत्र हा फरक तेवढा वेगळा काढते आणि ध्वनिवर्धकाकडे पाठवते. दर सेकंदाला ४४० कंपनांचा सूर आपल्याला स्पष्ट ऐकू येतो.

हात आणखी जवळ नेला, की फरक वाढतो आणि सूर चढतो. हात मागे घेतला, की फरक कमी होतो आणि सूर उतरतो. डाव्या बाजूच्या कडीचे काम वेगळे आहे. डावा हात कडीच्या अगदी जवळ नेला, की आवाज बंद होतो. हात वर उचलला, की तो मोठा होतो. थोडक्यात, उजवा हात सूर ठरवतो आणि डावा हात तो सूर किती मोठा असावा हे ठरवतो.

१९२२ साली थेरेमिन यांनी हे वाद्य रशियाचे नेते लेनिन यांना वाजवून दाखवले. लेनिन यांनी स्वतःही ते वाजवून पाहिले. पुढे थेरेमिन यांनी जर्मनी, फ्रान्स आणि इंग्लंड या देशांत कार्यक्रम केले. १९२७ च्या अखेरीस ते अमेरिकेस पोहोचले. तेथे १९२९ साली आरसीए या कंपनीने ही वाद्ये बनवून विकण्यास सुरुवात केली. ज्याला गुणगुणता येते, त्याला हे वाद्य वाजवता येईल, अशी त्यांची जाहिरात होती.

प्रत्यक्षात मात्र लोकांची निराशा झाली. कंपनीने सुमारे ५०० वाद्ये तयार केली आणि नंतर ते काम थांबवले. याचे एक कारण त्या वर्षी अमेरिकेवर आलेली आर्थिक मंदी हे होते. दुसरे कारण वाद्यातच होते. पेटीवर पट्ट्या असतात. सतारीवर पडदे असतात. सारंगीवर पडदे नसले, तरी बोटाला तारेचा आधार असतो. थेरेमिनमध्ये यांपैकी काहीच नाही. बोटांसमोर केवळ हवा असते. हात केसभर सरकला, तरी सूर बदलतो. एवढेच नव्हे, तर वाजवणारा किंचित झुकला, त्याने मान हलवली किंवा शेजारून कोणी गेले, तरी सूर ढळतो. हात लावायचा नाही, म्हणून जे वाद्य सर्वांत सोपे वाटले, तेच सर्वांत अवघड ठरले.

हे अवघड काम एका तरुणीने करून दाखवले. तिचे नाव क्लारा रॉकमोर. क्लाराचा जन्म १९११ साली व्हिल्नियस या शहरात झाला. आज हे शहर लिथुएनिया या देशाची राजधानी आहे. क्लारा चार-पाच वर्षांची असतानाच तिला रशियातील नामांकित संगीत विद्यालयात व्हायोलिन शिकण्यासाठी प्रवेश मिळाला. एवढ्या लहान वयात तेथे पूर्वी कोणालाही प्रवेश मिळाला नव्हता. पुढे तिचे कुटुंब अमेरिकेत गेले. परंतु युद्ध आणि क्रांतीच्या धामधुमीत लहानपणी तिला पुरेसे अन्न मिळाले नव्हते. त्यामुळे तिची हाडे कमकुवत राहिली. ऐन तारुण्यात तिच्या हाताला गज चालवणे झेपेनासे झाले. ज्या वाद्यासाठी तिने बालपण वेचले, ते तिला कायमचे खाली ठेवावे लागले.

याच काळात तिची थेरेमिन यांच्याशी ओळख झाली. ज्या हाताला गजाचा भार सोसत नव्हता, तो हात हवेत मात्र फिरू शकत होता. क्लाराने या वाद्याचा कसून रियाज केला. तिने हवेत बोटे ठेवण्याची एक खास पद्धत तयार केली. संपूर्ण हात पुढेमागे नेण्याऐवजी ती मूठ आणि बोटे थोडी थोडी उघडून एकेक सूर नेमका लावीत असे. वाजवताना तिचे बाकीचे शरीर पुतळ्यासारखे स्थिर असे. वाद्यात काय उणे आहे, हेही तिने थेरेमिन यांना सांगितले. तिच्या सूचनेवरून त्यांनी वाद्याचा पल्ला तीन सप्तकांवरून पाच सप्तकांपर्यंत वाढवला. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये क्लाराचा मोठा कार्यक्रम झाला. 'हे यंत्र नव्हे, वाद्य आहे' हे तिच्या वादनाने लोकांना पटले. १९९८ साली तिचे निधन झाले.

केवळ हातांनीच का, संपूर्ण शरीराने संगीत निर्माण करता येईल का, असाही विचार थेरेमिन यांनी केला. त्यांनी नर्तकांसाठी एक चौथरा तयार केला. चौथऱ्याखाली धातूचे पत्रे बसवले होते. नर्तक उंच झाला, की सूर चढे आणि तो वाकला, की सूर उतरे. एरवी नर्तक संगीताच्या तालावर नाचतो. येथे नाचातूनच संगीत निघत होते. १९३२ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये याचा प्रयोग झाला. परंतु नाचता नाचता सूर नेमका लावणे ही साधी गोष्ट नव्हती. म्हणून ते कामही शेवटी क्लारालाच करावे लागले.

१९३८ साली थेरेमिन मायदेशी परतले. दुसऱ्याच वर्षी त्यांना अटक झाली. बंदिवासात असतानाही सरकारने त्यांच्याकडून गुप्त उपकरणे बनवून घेतली. अनेक वर्षे जगाला त्यांचा पत्ता नव्हता. १९९१ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, ते पुन्हा अमेरिकेस गेले आणि क्लाराला भेटले. १९९३ साली मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कल्पनेला मात्र अनेक फांद्या फुटल्या. रॉबर्ट मूग हा अमेरिकन मुलगा शाळेत असताना घरीच थेरेमिन बनवायला शिकला. मोठेपणी, १९६४ साली, त्याने विजेवर चालणारे प्रसिद्ध सिंथेसायझर तयार केले. मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने १९८० च्या दशकात दोन काठ्यांचे एक साधन बनवले. त्यात धून आधीच संगणकात साठवलेली असते. हवेत काठ्या हलवून ती जलद वाजवायची की संथ, हळू की मोठ्याने, एवढेच वादक ठरवतो. आता तर हालचाल ओळखणारे कॅमेरे आणि संवेदक बसवलेले हातमोजेही निघाले आहेत.

याच काळात ब्रिटनमध्ये एडवर्ड विल्यम्स या संगीतकाराने 'साउंडबीम' नावाचे साधन तयार केले. वटवाघूळ आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून पुढे काय आहे हे ओळखते. साउंडबीमही तसेच करते. त्यातून कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग निघतात आणि समोरच्या शरीरावर आपटून परत येतात. परत येण्यास किती वेळ लागला, यावरून अंतर कळते आणि त्या अंतरानुसार सूर वाजतो. हे साधन प्रथम नर्तकांसाठी बनवले होते. पुढे ते अपंग मुलांच्या शाळांत पोहोचले. ज्या मुलाला बासरी धरता येत नाही, तबल्यावर थाप मारता येत नाही, त्यालाही केवळ बोट किंवा मान हलवून सूर काढता येतो. 'हा आवाज माझ्यामुळे आला' हा आनंद त्यालाही मिळतो.

काही साधने वादकाला पुष्कळ मदत करतात, तर काही मुळीच करत नाहीत. कोणते साधन चांगले, हे ते कोणाच्या हाती आहे, यावरून ठरते. ज्याला सूर लावण्याची वाटच बंद आहे, त्याच्यासाठी यंत्राने दार उघडून द्यावे हेच योग्य. परंतु ज्याला संगीतात पुढे जायचे आहे, त्याची मेहनत कोणतेही यंत्र वाचवत नाही. थेरेमिन यांच्या पेटीने हाताला स्पर्शाच्या बंधनातून मोकळे केले. रियाजातून मात्र कोणाचीच सुटका केली नाही.

शब्दार्थ

गज – सारंगी किंवा व्हायोलिन वाजवण्याची केस लावलेली काठी
गुणधर्म – वस्तूच्या अंगी असलेले विशेष
वाहक – ज्यातून वीज वाहू शकते असा पदार्थ
मंडल – वीज फिरण्याचा बंद मार्ग
ध्वनिवर्धक – आवाज मोठा करणारे साधन
सप्तक – सा ते नी या सात सुरांचा समूह
पल्ला – मर्यादा, आवाका
चौथरा – बसण्यासाठी किंवा उभे राहण्यासाठी केलेली उंच जागा
संवेदक – हालचाल, उष्णता वगैरे ओळखणारे साधन

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लेव थेरेमिन कोणते तंतुवाद्य वाजवीत?
(२) थेरेमिन वाद्यातील कडीचे काम कोणते?
(३) क्लाराला व्हायोलिन का सोडावे लागले?

प्र. २. कारणे लिहा.
(१) हात सळईजवळ नेला, की सूर चढतो.
(२) थेरेमिन वाजवताना क्लारा पुतळ्यासारखी स्थिर राहत असे.
(३) साउंडबीम अपंग मुलांना उपयोगी पडते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) थेरेमिन वाद्याचा शोध कसा लागला?
(२) 'जे वाद्य सर्वांत सोपे वाटले, तेच सर्वांत अवघड ठरले', असे लेखक का म्हणतो?

प्र. ४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द पाठातून शोधून लिहा.
(१) चढणे (२) संथ (३) दूर (४) सोपे

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
(१) ध्यानात येणे (२) कसून रियाज करणे (३) मागे लागणे