क्रेन थांबली की काय काय थांबतं?

कॉलेजला जाताना बसच्या खिडकीतून रोज दिसणारी ती अर्धवट इमारत आठवतेय? एक दिवस तिच्यावरची क्रेन थांबते. आपल्याला काय फरक पडतो, असं वाटतं ना?

पण क्रेनसोबत गवंडी, सेंटरिंगवाला, प्लंबर, रंगारी यांची हजेरीही थांबते. सिमेंट, सळई, टाइल्सची मागणी घटते. साइटबाहेरच्या चहाच्या टपरीचा गल्लासुद्धा रिकामा! शेतीखालोखाल सर्वाधिक रोजगार देणाऱ्या क्षेत्रांत बांधकामाचा नंबर लागतो तो उगाच नाही. आणि कर्ज काढून तिथे फ्लॅट घेतलेले लोक? ते घरभाडंही भरतात अन् हप्ताही.

मग प्रकल्प रखडतात कशामुळे? दरवेळी गिऱ्हाईक नसतं म्हणून नाही. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत अडकवले की पहिलीचं काम ठप्प होतं. म्हणूनच २०१६च्या रेरा कायद्यानं ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक केलं. ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्चायचे, तेही काम जितकं सरकलं तितकेच. इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए यांचा दाखला लागतो तो वेगळाच.

टिकणाऱ्या कंपनीचं गणित साधं असतं: पैसा जागच्या जागी, मजुरी वेळेवर, ताबा तारखेला. जाहिरात त्यानंतर.

घरी फ्लॅटचा विषय निघालाय? मग सॅम्पल फ्लॅट बघायला जाण्याआधी आई-बाबांना महारेराच्या वेबसाइटवर त्या प्रकल्पाची नोंदणी आणि ताब्याची तारीख शोधून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. हप्ते मात्र वीस वर्षं भरायचेत!