‘तुम्ही’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ : युद्धकालीन भित्तिपत्रके आणि मालवणचा किनारा

युद्धकाळात सरकार प्रजेशी अनेक मार्गांनी बोलत असते. कायदा, वटहुकूम, वर्तमानपत्रांतील निवेदने, आकाशवाणी आणि चित्रपट हे त्यांतील काही मार्ग होत. भित्तिपत्रकाचे स्थान या सर्वांहून काहीसे निराळे आहे. कायद्याला आज्ञा करून थांबता येते. भित्तिपत्रकाला मन वळवावे लागते. वाटेने जाणाऱ्या माणसाने क्षणभर थांबावे, चित्राकडे पाहावे, चार-सहा शब्द वाचावेत आणि ते मनात घेऊन घरी जावे, एवढ्या अल्प अवकाशात त्यास आपले कार्य साधावयाचे असते. म्हणून त्यातील प्रत्येक शब्द तोलून घातलेला असतो, आणि म्हणूनच राज्यकर्त्यांच्या मनात प्रजेविषयी कोणती कल्पना होती हे जाणण्यास ते एक उत्तम साधन ठरते.

प्रस्तुत लेखात दोन्ही महायुद्धांतील, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील, नागरिकांस उद्देशून केलेल्या अशा प्रचाराचा विचार मालवण किनाऱ्याच्या दृष्टीने करावयाचा आहे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. युद्धकाळी मालवण, देवगड व वेंगुर्ले हा भाग मुंबई इलाख्यातील रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. कुडाळ व सावंतवाडी हा मुलूख सावंतवाडी संस्थानाचा होता. आणि दक्षिणेस तेरेखोलपासून पोर्तुगिजांचा गोवा सुरू होई. म्हणजे थोड्याशा अंतरात ब्रिटिश अंमल, देशी संस्थान आणि युद्धात तटस्थ राहिलेली परकी सत्ता अशा तीन राजवटी एकमेकींस लागून होत्या. येथील भूमी तुटीची, माणसे दर्यावर्दी आणि घरखर्च पुष्कळ अंशी मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणारा. युद्धकालीन आवाहनांपैकी बहुतेक सर्वांचा या लोकांच्या जीवनाशी प्रत्यक्ष संबंध आला.

सर्वनामाचा प्रश्न

युद्धकालीन भित्तिपत्रकाच्या इतिहासात १९१४ साली आल्फ्रेड लीट या चित्रकाराने काढलेले लॉर्ड किचनर यांचे चित्र प्रसिद्ध आहे. पाहणाऱ्यावर रोखलेले बोट आणि ‘तुम्ही हवे आहात’ अशा अर्थाचा मजकूर, एवढीच त्याची सामग्री. अमेरिकेत १९१७ साली जेम्स मॉन्टगोमरी फ्लॅग याने हीच कल्पना ‘अंकल सॅम’च्या रूपात वापरली. दोन्ही ठिकाणी सारा भार ‘तुम्ही’ या एका शब्दावर आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, ब्रिटिश सरकारने लाल भूमीवर राजमुकुट व पांढरी अक्षरे असलेली पत्रके छापली. त्यांतील एकाचा आशय असा होता : तुमचे धैर्य, तुमची प्रसन्नता आणि तुमचा निर्धार ‘आम्हांस’ विजय मिळवून देईल. ब्रिटनमधील सामान्य नागरिकांनाच हे वाक्य खटकले. कष्ट तुमचे आणि विजय आमचा, असा त्यातून ध्वनी निघत होता. याच मालिकेतील ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ अशा अर्थाच्या पत्रकाच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या गेल्या होत्या. परंतु त्या फारशा लावल्याच गेल्या नाहीत आणि बहुतेक पुन्हा लगद्यात गेल्या. २००० साली एक प्रत इंग्लंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली, तेव्हापासून ते पत्रक जगभर परिचित झाले.

हा दोष मराठीच्या अभ्यासकास अधिक लवकर जाणवेल. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच. त्यात ऐकणारा अंतर्भूत आहे की नाही हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. शिवाय ‘आपण’ हेच सर्वनाम समोरच्या व्यक्तीस आदराने संबोधितानाही वापरले जाते. तेव्हा मराठीत आवाहन करणाऱ्यास ही निवड टाळता येत नाही. ‘आपला देश’, ‘आपले सैन्य’, ‘आपला विजय’ असे लिहिले, की ते खरे आहे काय, हा प्रश्न वाचक विचारणारच.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले, ते लोकप्रतिनिधींस न विचारता. त्याच्या निषेधार्थ प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि १९४६ पर्यंत इलाख्याचा कारभार गव्हर्नरच्या हाती राहिला. अशा स्थितीत सरकारी पत्रकावरील ‘आपण’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या शुद्ध असला तरी राजकीयदृष्ट्या त्यास आधार नव्हता. त्याने केलेल्या मागण्या आणि दिलेली आश्वासने आता एकेक करून पाहू.

भरती

पहिल्या महायुद्धातील एका उर्दू भरतीपत्रकात गणवेश, बंदूक आणि रुपये यांची चित्रे होती व हे सर्व कोण घेणार, असा प्रश्न होता. जो त्वरित भरती होईल तो, असे उत्तर तेथेच दिले होते. येथे देश नाही, ध्येय नाही. सरळ व्यवहार आहे. एका अर्थी हे पत्रक प्रामाणिक म्हणावे लागेल, कारण त्यात ‘आपण’ असल्याचा आव नाही.

दुसऱ्या महायुद्धात पगार, मान आणि कौशल्याचे शिक्षण या आश्वासनांस समान शत्रूच्या भीतीची जोड मिळाली. हिंदी सैन्यात या युद्धात सुमारे पंचवीस लाख माणसे दाखल झाली. रत्नागिरी जिल्ह्यातून मराठा व महार जवानांप्रमाणेच खलाशीही मोठ्या संख्येने गेले. युद्धापूर्वी नौदलातील खलाशांत या जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा असे. व्यापारी जहाजांवर खारवी, भंडारी इत्यादी समाजांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली होती. १९३९ साली रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ दोन हजारांच्या आसपास होते. १९४५ पर्यंत ते तीस हजारांच्या घरात गेले. इतक्या त्वरित झालेल्या भरतीत आश्वासनांचा हात सैल सुटावा हे ओघानेच आले.

बचत

पैशाचे आवाहन दोन्ही युद्धांत झाले. १९१७ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटनच्या युद्धखर्चास दहा कोटी पौंड देऊ केले आणि त्यासाठी युद्धकर्ज उभारले. त्याच वर्षी टपाल खात्याची रोख प्रमाणपत्रे निघाली. १९४० साली दहा वर्षांची संरक्षण बचत प्रमाणपत्रे विक्रीस आली. दहा रुपयांच्या प्रमाणपत्राचे दहा वर्षांनी तेरा रुपये नऊ आणे मिळावयाचे होते.

हे वचन सरकारने अक्षरशः पाळले. तथापि रुपयाचे मोल मात्र टिकले नाही. ऑगस्ट १९३९ ची पातळी १०० धरली तर घाऊक किमतींचा निर्देशांक १९५०-५१ साली ४०० च्या वर गेला होता. १९४० साली दहा रुपयांत जो माल येई त्यास दहा वर्षांनी तीस रुपयांहून अधिक पडत. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरीतील दहा रुपये ज्या घराने विश्वासाने टपालात ठेवले, त्या घराच्या हाती त्यांच्या मूळ मोलाचा निम्मा भागही परत आला नाही. युद्धखर्चाचा हा वाटा कोणत्याही पत्रकावर लिहिलेला नव्हता.

धान्य

८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. हिंदुस्थानात दर वर्षी सुमारे पंधरा लाख टन तांदूळ तेथून येत असे. रत्नागिरीसारख्या भात खाणाऱ्या, परंतु स्वतःपुरते भात न पिकवणाऱ्या जिल्ह्यास हा आघात विशेष जाणवला. याच वर्षी ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली.

आवाहन योग्यच होते. परंतु ते सर्व देशास एकाच शब्दांत केलेले होते. मालवण, देवगडच्या जांभ्या खडकाच्या पठारांवर अधिक पिकवावयाचे म्हणजे काय, हे शेतकऱ्यास कोणी सांगितले नाही. येथे भाताखालचे मळे मर्यादित. ओलावा असेल तेथेच पावसाळ्यानंतर वायंगणाचे पीक. उरलेली जमीन वरकस, तीत नाचणी, वरी, नाहीतर दोन-तीन वर्षांची पड. खत, पाणी आणि मनुष्यबळ यांवाचून केवळ आवाहनाने हे गणित बदलण्यासारखे नव्हते, आणि मनुष्यबळ तर दुसरे पत्रक भरतीसाठी मागत होते. रेल्वेचा अनावश्यक प्रवास टाळण्याच्या सूचनेची गोष्टही अशीच; या किनाऱ्यावर तेव्हा रेल्वेच नव्हती, ती १९९० नंतरच्या दशकात आली.

याच्या उलट बाजूचीही नोंद करणे न्यायाचे होईल. मुंबई शहरात २ मे १९४३ रोजी धान्याचे रेशनिंग सुरू झाले व पुढे इलाख्यात नियंत्रित वाटपाची पद्धत पसरली. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसांचा बळी घेतला. मुंबई इलाख्यावर तसा प्रसंग आला नाही. साठेबाजी करू नका, या उपदेशापेक्षा शिधापत्रिका अधिक उपयोगी पडली, असा याचा अर्थ आहे. जेथे शब्दामागे व्यवस्था उभी राहिली तेथे शब्द खरा ठरला.

मौन

चौथी मागणी मौनाची. बेसावध बोलण्याने माणसांचे प्राण जातात, या अर्थाची फूगास या टोपणनावाच्या चित्रकाराची ब्रिटिश पत्रके १९४० साली निघाली. हिंदुस्थानातही अफवा पसरवू नका, जहाजांच्या हालचालींविषयी बोलू नका, असे बजावले जात होते. ही भीती निराधार नव्हती. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून निघालेले ‘टिलावा’ हे उतारूंचे जहाज तीनच दिवसांनी जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडविले आणि सुमारे २८० जण मृत्युमुखी पडले.

मालवण किनाऱ्याच्या दक्षिणेस, तटस्थ गोव्याच्या मार्मागोवा बंदरात, एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि आन्फोरा हे एक इटालियन जहाज आश्रयास होते. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीने एरेनफेल्सवर छापा घातला आणि चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडविली. तटस्थ बंदरातील हे कृत्य ब्रिटिशांनी कित्येक वर्षे उघड केले नाही. जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने १९७८ साली ते सर्वांस माहीत झाले. प्रजेकडे मागितलेले मौन युद्ध संपताच संपले. सरकारचे स्वतःचे मौन तीन दशकांहून अधिक टिकले.

भिंतीचे उत्तर

भित्तिपत्रक एकतर्फी बोलते अशी सामान्य समजूत आहे. भिंत मात्र सर्वांस मोकळी असते. १ डिसेंबर १९४५ रोजी, नौदल दिनी, मुंबईतील ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशप्रशिक्षण केंद्राच्या भिंतींवर ‘भारत छोडो’ आणि बंडाचे आवाहन करणाऱ्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या. ज्यांस पत्रकांनी बोलाविले होते, त्यांनीच दिलेले हे उत्तर होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तेथूनच नाविकांचा संप सुरू झाला व तो अनेक जहाजांवर आणि किनाऱ्यावरील केंद्रांवर पसरला. निकृष्ट अन्न, अपमानास्पद भाषा, गोऱ्या नाविकांच्या तुलनेने कमी पगार यांबरोबरच भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत, ही त्यांची एक तक्रार होती. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे, याही त्यांच्या मागण्या होत्या. पत्रकातील ‘आपण’ त्यांनी आता स्वतःच्या अर्थाने वापरावयास घेतले होते. २३ फेब्रुवारीस संप मागे घेतला गेला. तोवर मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली होती.

जे संपापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या नौदलातील व व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे एका स्मृतिग्रंथात लिहिली असून त्याच्या दोन प्रती मुंबई व चितगाव येथे ठेवण्यात आल्या. त्यांतील पुष्कळांना समुद्रावाचून दुसरी समाधी नाही.

स्वातंत्र्यानंतर याच मागण्या पुन्हा झाल्या. १९६२ साली संरक्षण निधी व सुवर्णरोखे यांचे आवाहन झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारचे एक वेळचे जेवण सोडण्यास सांगितले. मागणी तीच : धान्य, पैसा, माणसे. परंतु शास्त्रीजींनी आपल्या घरी ते आधी करून पाहिले होते, आणि ज्यांस ते सांगत होते त्यांच्याच मतांवर त्यांचे पद अवलंबून होते. ‘आपण’ या शब्दास येथे आधार होता. त्यामुळे अशा आवाहनांची चिकित्सा करू नये असे नव्हे. उलट, ती करण्याचा हक्क आता वाचकाचा स्वतःचा आहे.

जुन्या भित्तिपत्रकांचा संग्रह आज कलावस्तू म्हणून होतो. त्यांची रेखाटने व रंगयोजना अभ्यासनीय आहेत यात शंका नाही. तथापि पत्रक केवळ चित्र म्हणून पाहिले तर त्याचा अर्धाच अर्थ हाती लागतो. त्याच्या शेजारी टपालाचे प्रमाणपत्र, शिधापत्रिका, भरतीची नोंद आणि मृतांची यादी ठेवून वाचले, म्हणजे कोणी काय मागितले, काय देऊ केले आणि शेवटी कोणाच्या पदरात काय पडले हे स्पष्ट होते. मालवण किनाऱ्यावरील पुष्कळ घरांत असे कागद अद्याप जपलेले असतील. ते पेटीतून बाहेर काढून नोंदविणे, हे या विषयाच्या अभ्यासकापुढील पहिले काम आहे.