गाण्यांचा साठा : यादी हाताने नको, अट लिहा

आपल्या समाजातील बरेच तरुण आज साऊंड सर्व्हिस, मंडप, कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग आणि जुन्या कॅसेटी-रेकॉर्डची खरेदी-विक्री या धंद्यांत आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी, आमचा माल डोळ्यांना दिसतो. या मंडळींचा माल म्हणजे आवाज. तो कपाटात लावून ठेवता येत नाही. पूर्वी साठ मिनिटांची कॅसेट असे, एका बाजूला तीस मिनिटे, आणि पाठीवर हाताने लिहिलेले नाव. आता एका हार्ड डिस्कमध्ये हजारो गाणी मावतात. माल वाढला, पण तरतीब राहिली नाही. नातच्या मैफलीत मध्येच फिल्मी रिमिक्स वाजले तर माफी मागून भागत नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर जाते आणि मोहल्ल्यात नावही जाते.

संगीताविषयी उलेमांची मते आपल्या ठिकाणी आहेत, त्यात आम्ही पडत नाही. किरात, हम्द, नात आणि बयान यांच्या फाईली सांभाळणाऱ्यांनाही पुढील गोष्टी तितक्याच लागू आहेत.

नाव फाईलच्या आत असते

१९०२ साली गौहर जान यांनी कोलकात्यात ग्रामोफोनसाठी गाणी रेकॉर्ड केली. गाणे संपताच त्या इंग्रजीतून आपले नाव सांगत. कारण रेकॉर्ड तयार होत जर्मनीतील हॅनोव्हर शहरात, आणि तिथल्या कारागिरांना गाण्यावरून गायक ओळखता येणे शक्य नव्हते. आवाजातले नाव ऐकून ते लेबल लावत.

एमपीथ्री फाईलचेही तसेच झाले. १९९६ साली फाईलच्या शेवटी १२८ बाइटची छोटी जागा नावासाठी राखण्याची पद्धत निघाली. तिला आयडी-थ्री टॅग म्हणतात. गाण्याचे नाव तीस अक्षरे, गायक तीस, अल्बम तीस, सालासाठी चार. प्रकारासाठी ऐंशी नावांची तयार यादी होती, तीत कव्वाली नव्हती. पुढे १९९८ मध्ये सुधारित टॅग आला. त्यात लांब नावे बसतात, प्रकार आपल्या शब्दांत लिहिता येतो आणि उर्दू व देवनागरीही चालते.

अट म्हणजे काय

सोलापूरच्या विणकराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जकार्डच्या कार्डात भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. प्रत्येक धाग्याला एकच प्रश्न : होय की नाही? त्यातून चादरीवर फूल उमटते. स्मार्ट प्लेलिस्ट हेच करते. आपण एक एक गाणे निवडायचे नाही, फक्त अट लिहायची. कॉम्प्युटर प्रत्येक फाईलला प्रश्न विचारतो आणि 'होय' म्हणणाऱ्या फाईली समोर ठेवतो. उद्या नवीन नात भरली आणि ती अटीत बसली, तर ती आपोआप यादीत येते.

२००२ साली आयट्यून्समध्ये ही सोय आली. विंडोजवर म्युझिकबी आणि मीडियामंकी यांत ती 'ऑटो प्लेलिस्ट' या नावाने मिळते. फूबार २००० या मोफत प्रोग्रॅममध्ये अट अँड, ऑर, नॉट आणि कंस वापरून सरळ लिहिता येते.

'आणि'चा घोटाळा

इथेच बहुतेकांची गाडी अडते. आपण नोकराला सांगतो, 'लाल आणि हिरव्या चादरी काढ.' तो दोन्ही रंगांचे गठ्ठे आणतो. कॉम्प्युटरला 'प्रकार नात आणि प्रकार हम्द' असे सांगितले, तर तो अशी फाईल शोधतो जिचा प्रकार एकाच वेळी नातही आहे आणि हम्दही. अशी फाईल नसते, म्हणून यादी रिकामी येते. बोलीतला 'आणि' कॉम्प्युटरच्या भाषेत पुष्कळदा 'किंवा' असतो. प्रोग्रॅममध्ये 'ऑल' म्हणजे सर्व अटी पूर्ण हव्यात, 'एनी' म्हणजे कोणतीही एक पुरे.

दुसरा घोटाळा 'हे अक्षर आहे' या अटीचा. इंग्रजी लिपीत अली शोधायला गेलात तर कव्वाली शब्द असलेली प्रत्येक फाईल पुढे येते, कारण त्या स्पेलिंगच्या शेवटी अलीची तीनही अक्षरे आहेत. म्हणून शोध गायकाच्या रकान्यातच घ्यावा.

तिसरा घोटाळा सालाचा. 'बरसात की रात' १९६० चा चित्रपट. त्याची गाणी १९९८ च्या सीडीवरून घेतली असतील, तर टॅगमध्ये १९९८ पडते आणि १९५५ ते १९६५ या यादीतून ती कव्वाली गळते. १९५८ च्या 'अल हिलाल'मधील इस्माईल आझाद यांच्या कव्वालीचेही असेच होऊ शकते. साल सीडीचे नको, चित्रपटाचे घालावे.

एक माणूस, पाच खाती

खरी मेहनत नावांची आहे. मोहम्मद रफी यांचे नाव कुठे पूर्ण, कुठे 'मोहद', कुठे 'मोहम्मेद', कुठे नुसते रफी असे असते. कुणी उर्दूत लिहितो, कुणी देवनागरीत. वहीत एकाच पार्टीची पाच खाती पडली तर उधारी कधी जुळेल का? कॉम्प्युटरच्या लेखी ही पाच माणसे आहेत. एक लिपी आणि एक स्पेलिंग ठरवावे, ते कागदावर लिहून भिंतीला लावावे आणि दुकानातील प्रत्येकाने तेच वापरावे.

गावातील जुन्या कव्वालांच्या कॅसेटी उतरवून घेताना हे अधिक महत्त्वाचे. कॅसेटच्या पाठीवरचे नाव टॅगमध्ये न घालता फाईल 'ट्रॅक १' म्हणून ठेवली आणि कॅसेट फेकली, की तो कलावंत कायमचा बेनाम झाला. नाव ही त्याची अमानत आहे.

तीन यादी आधी करा

पहिली 'दुरुस्ती'ची : गायकाचा रकाना रिकामा, किंवा नावात 'ट्रॅक' हा शब्द. इथे 'एनी' लावावे. रोज वीस फाईली दुरुस्त करीत गेलात तर यादी आपोआप आखूड होत जाते. काम किती उरले हे तीच सांगते.

दुसरी 'नात मैफल' : प्रकार नात किंवा हम्द, शेऱ्यात 'वाद्य नाही', आणि गेल्या सात दिवसांत न वाजलेली. यात 'किंवा'चा एक गट आणि बाहेर 'सर्व' हवे. जिथे गट करता येत नाही, तिथे नात-हम्दची एक यादी आधी करून दुसऱ्या यादीत तिचीच अट घालावी.

तिसरी वेळेची : एकूण साठ मिनिटांची मर्यादा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. नऊ वाजता साठ मिनिटांची यादी लावली, की घड्याळाकडे पाहत बसावे लागत नाही.

कार्यक्रमाला जाताना मात्र यादीवर विसंबू नये. अट प्रोग्रॅममध्ये राहते, पेन ड्राइव्हमध्ये जात नाही. तयार यादीतील फाईली कॉपी करून घ्याव्यात आणि एकदा घरी वाजवून पाहाव्यात. संपूर्ण साठ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या जागी ठेवावी.

एक इशारा. दुसऱ्याची गाणी मेमरी कार्डात भरून पैसे घेण्याचा धंदा एकेकाळी गल्लोगल्ली चालला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. साठा हलाल असेल तरच तरतीबीत बरकत आहे.

चादर-टॉवेलवाल्या बंधूंनीही हे आपल्या डिझाईन नंबरांना लावून पाहावे. रंग, माप, सूत, शेवटची विक्री असे रकाने नीट भरले, तर 'सहा महिन्यांत न विकलेला माल' ही यादी रोज सकाळी तयार मिळते. गिऱ्हाईक समोर उभे असताना ज्याला माल सापडतो, तोच विकतो.