उद्योगांनी चालविलेले नगर

नगराचा कारभार म्हटला म्हणजे दिवाबत्ती, गटारे, रस्त्यांची झाडलोट, कचऱ्याची विल्हेवाट आणि या सर्वांच्या खर्चासाठी आकारावयाची घरपट्टी ही कामे डोळ्यांपुढे येतात. ती कामे नगरपालिकेची आणि नगरपालिका नागरिकांनी निवडून दिलेली, असे आपण गृहीत धरून चालतो. बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, शहराच्या मध्यापासून सुमारे १८ किलोमीटर अंतरावर असलेली इलेक्ट्रॉनिक सिटी हा या गृहीताला अपवाद होय. तेथील नागरी कारभार मुख्यतः तेथील उद्योगांच्याच हाती आहे.

ही वसाहत मुळात शासनाने उभारली. १९७६ मध्ये कर्नाटक शासनाने ‘किऑनिक्स’ हे इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळ स्थापन केले. त्याचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी आकारास आली. विमाने, दूरध्वनी व संरक्षण-सामग्री तयार करणारे सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने बंगळुरूत आधीपासून होते. त्यांनी घडविलेला कुशल तंत्रज्ञांचा वर्ग हाताशी होता. तरीही वसाहतीला खरा बहर आला तो १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणामुळे. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस ही कंपनी १९९४ मध्ये येथे स्थलांतरित झाली. मराठी वाचकास हा तपशील थोडा बोचल्यावाचून राहणार नाही.

उद्योग आले, परंतु रस्ते, दिवे व गटारे यांची नित्याची देखभाल कोणी करावयाची? ग्रामपंचायतीची यंत्रणा खेड्यापुरती, आणि महामंडळाचे मुख्य काम नगर सांभाळण्याचे नव्हे. १९९२ मध्ये येथील उद्योजकांनी ‘एल्सिया’ ही संघटना स्थापन केली आणि १९९७ मध्ये महामंडळाने वसाहतीची देखभाल तिच्याकडे सोपविली. मात्र संघटनेला वर्गणी मागता येते, कर लावता येत नाही. हा भेद दिसतो तितका किरकोळ नाही. जो वर्गणी देत नाही त्याच्याही दारावरून रस्ता जातो, त्याच्याही फाटकासमोर दिवा लागतो. मग देणाऱ्यानेच का द्यावी?

या अडचणीवरील उपाय राज्यघटनेतच होता. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अशी मुभा ठेवली आहे की, एखाद्या क्षेत्रात उद्योगच नागरी सेवा पुरवीत असतील तर तेथे नगरपालिका न स्थापिता ते ‘औद्योगिक नगर’ म्हणून घोषित करता येते. या तरतुदीचा आधार घेऊन २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी ‘एल्सिटा’ हे प्राधिकरण अस्तित्वात आले. मालमत्ता-कर वसूल करण्याचा, बांधकामास परवानगी देण्याचा आणि जमलेला पैसा त्याच हद्दीत खर्च करण्याचा अधिकार त्यास मिळाला. करातील एक हिस्सा शेजारच्या स्थानिक संस्थांना द्यावयाचा असे ठरले. अर्थात सर्वच सेवा त्याच्या नाहीत. वीज पुरविते ती बेसकॉम ही शासकीय कंपनी. २०१० मध्ये खुला झालेला उन्नत मार्ग आणि ऑगस्ट २०२५ मध्ये येथवर पोहोचलेली मेट्रो हीदेखील प्राधिकरणाच्या आवाक्याबाहेरची कामे होती.

प्रश्न उरतो तो मालकीचा. याच राज्यात, बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी येथे, सामुदायिक मालकीचा अगदी वेगळा नमुना पाहावयास मिळतो. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यावर देशात प्रयोगादाखल ज्या पाच विद्युत सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक हुक्केरीची आणि एक आपल्या श्रीरामपूर परिसरातील मुळा-प्रवरा. तेथे वीज घेणारा शेतकरीच सभासद, आणि सभासदच संचालक निवडणार. मुळा-प्रवरेचा शेवट मात्र चांगला झाला नाही. घाऊक वीज विकत घेऊन ती सभासदांना पुरविणाऱ्या या संस्थेची देणी वर्षानुवर्षे थकत गेली आणि २०११ मध्ये तेथील वीजपुरवठा महावितरणकडे गेला. हुक्केरीची संस्था अजून चालू असून तिच्या संचालकांची निवडणूक अटीतटीने लढविली जाते.

इलेक्ट्रॉनिक सिटीत अशी निवडणूक नाही. प्राधिकरणावर उद्योगांचे प्रतिनिधी व शासनाचे अधिकारी असतात. वॉर्डातून निवडून आलेला नगरसेवक नसतो. रस्ते स्वच्छ आहेत, दिवे लागतात, आणि कर भरणाऱ्यास आपला पैसा कोठे गेला ते आपल्या फाटकाबाहेरच दिसते; हे यश लहान नव्हे, आपल्या कित्येक नगरपालिकांना ते साधलेले नाही. परंतु येथे समुदाय म्हणजे कंपन्या. सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून आत येणारे हजारो तंत्रज्ञ, पहारेकरी, स्वयंपाकी व सफाई कामगार संध्याकाळी आसपासच्या गावांतील भाड्याच्या खोल्यांकडे परततात. त्या खोल्यांसमोरचे गटार प्राधिकरणाच्या हद्दीबाहेर असते.